मित्रमंडळींसाठी घरी फ्रेंच जेवण: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पाच-सहा मित्रांना घरी बोलावून फ्रेंच स्वयंपाक करायचा म्हटलं की पहिला मोह होतो तो प्रत्येक पदार्थ अवघड निवडण्याचा. सुरुवातीला सूफ्ले, म्हणजे फेटलेल्या अंड्यांनी फुगणारा पदार्थ, मग वाइनमधली कोंबडी, सोबत हॉलंदेझ, म्हणजे अंड्याचा बलक आणि लोण्याचा सॉस घातलेल्या भाज्या आणि शेवटी थरांची पेस्ट्री. यातला प्रत्येक पदार्थ एकेकटा घरी जमण्यासारखा आहे. पण सूफ्ले ओव्हनबाहेर आल्यावर काही मिनिटांतच बसायला लागतो. हॉलंदेझ गार पडला की थिजतो आणि जास्त तापला की फुटतो. पाहुणे दारात असताना, एकट्याने, घरच्या शेगडीवर हे दोन्ही सांभाळायला जाऊ नका.

ओग्युस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांनी हॉटेलच्या स्वयंपाकघराला जी शिस्त लावली, तिच्यात सॉस करणारा वेगळा, मासे करणारा वेगळा आणि पेस्ट्रीवाला वेगळा असतो. आपण छायाचित्रांत पाहतो ती फ्रेंच ताटं अशा पथकाच्या हातून तयार होतात. फ्रान्समधल्या घरांत पाहुण्यांसाठी रांधतात ते मात्र बहुतेक आदल्या दिवशी शिजवून ठेवता येईल असं, एका मोठ्या पातेल्यातलं जेवण. आपल्यालाही तेच करायचं आहे. सगळी मेहनत एका पदार्थावर घ्या, आणि तो पदार्थही असा निवडा की पाहुणे येण्याआधीच त्याचं अवघड काम उरकलेलं असेल.

माझी निवड कॉक ओ व्हँ, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातली लाल वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी. मांस खरपूस परतणं, तळाचा अर्क सोडवून घेणं, मंद आचेवर शिजवणं, गाळणं, आटवणं आणि शेवटी लोण्याने सॉस जुळवून आणणं, अशी फ्रेंच स्वयंपाकाची जवळजवळ सगळी मूळ कामं या एका पदार्थात शिकायला मिळतात. शिवाय तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

आधी पाहुण्यांना विचारा

आपल्याकडच्या कुठल्याही मित्रमंडळीत एखादा शाकाहारी, एखादी अंडंही न खाणारी, कुणी डुकराचं मांस टाळणारा आणि कुणी दारूचा थेंबही न चालणारा, असं हमखास असतं. फ्रेंच जेवणात हे चारही घटक दिसत नाहीत अशा जागी असतात. ग्रुएर चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं, गोड पदार्थात जिलेटिन असू शकतं, भाजीच्या सॉसमध्ये हाडांचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून गाळलेलं पाणी, जातो. म्हणून मेनू ठरवण्याआधीच प्रत्येकाला सरळ विचारून घ्या.

वाइनबद्दल तर नक्की सांगा. शिजवल्यावर दारू पूर्ण उडून जाते, असं खूप जण खात्रीने सांगतात. ते खरं नाही. तासभर मंद शिजवल्यावरही साधारण पाव भाग अल्कोहोल उरतं आणि अडीच तासांनीही थोडं राहतंच. ज्याला ते वर्ज्य आहे त्याच्यापासून ही गोष्ट लपवणं मला अजिबात पटत नाही. बरेच जण वाइन न चालणारे असतील तर बेत बदला आणि पूल ओ पो करा. अख्खी कोंबडी गाजर, सलगम, लीक आणि कांद्याबरोबर पाण्यात संथ शिजवतात, आधी रस्सा वाढतात आणि मग मांस. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी रविवारी हा पदार्थ शिजावा अशी राजा चौथ्या आंरीची इच्छा होती, अशी आख्यायिका फ्रान्समध्ये सांगतात.

सहा जणांसाठी माझा मेनू असा: आल्या आल्या हातात द्यायला गुझेर, म्हणजे चीजचे पोकळ, हलके गोळे. बसल्यावर मोहरीच्या ड्रेसिंगमधलं किसलेलं गाजर. मग कॉक ओ व्हँ आणि सोबत ग्रातँ दोफिन्वा, म्हणजे दूध-क्रीममध्ये भाजलेले बटाटे. नंतर एक-दोन प्रकारचं चीज आणि शेवटी क्रेम कारामेल. फ्रेंच भोजनपद्धतीचा युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पदार्थ एकामागून एक येण्याचा क्रम हा त्या पद्धतीचा महत्त्वाचा भाग आहे. तेव्हा सगळं एकदम टेबलावर मांडू नका. दोन पदार्थांमध्ये दहा मिनिटं गेली तरी कुणाची हरकत नसते, आणि तुम्हालाही तेवढाच श्वास घ्यायला मिळतो.

भांडी आणि ओव्हन

एक जाड बुडाचं, झाकणाचं, पाच-सहा लिटरचं पातेलं लागेल. आतून इनॅमल दिलेलं बिडाचं असेल तर उत्तम, नाहीतर जाड स्टेनलेस स्टीलचं. बिडाची उघडी कढई किंवा साधं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं इथे नको, कारण वाइनचा आंबटपणा धातूला लागतो आणि सॉस काळपट, लोखंडी चवीचा होतो. एक पसरट तवा किंवा फ्राइंग पॅन, बारीक जाळीची गाळणी, हाताने फेटायचं व्हिस्क आणि लाकडी उलथणं एवढं पुरेसं आहे.

घरचा छोटा ओव्हन असेल तर बरीच कसरत वाचवणारी एक वस्तू घ्या: ओव्हनचा थर्मामीटर. अशा ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो, आणि गुझेर फुगणं किंवा क्रेम कारामेल मऊ राहणं त्या फरकावर ठरतं.

बाजारहाट

कोंबडी घेताना थांबून नीट सांगा. हा पदार्थ मुळात म्हाताऱ्या, निबर कोंबड्यासाठी जन्माला आला. कडक मांस मऊ करायलाच इतका वेळ आणि इतकी वाइन. म्हणून आपला गावरान कोंबडा इथे अगदी जागेवर बसतो आणि ब्रॉयलरपेक्षा खूप चांगला लागतो. दोन किलोच्या आसपासचा घ्या. कातडीसकट हवा, मोठे आठ-दहा तुकडे हवेत, रश्श्याचे बारीक तुकडे नकोत, आणि पाठ, मान व पंजे वेगळे बांधून द्या, एवढं दुकानदाराला तोडायच्या आधी सांगा. ब्रॉयलर घेतलात तरी चालेल, फक्त शिजायचा वेळ पाऊण तासावर येईल.

वाइन ७५० मिलिची एक बाटली, कोरडी आणि लाल. बर्गंडीत पिनो न्वार वापरतात. नाशिकची साधी शिराझ चांगली चालते. ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी बाटली पातेल्यात ओतू नका, आटल्यावर ती कडवट होते. गोडसर पोर्ट वाइन अजिबात नको.

बटर बिनमिठाचं घ्या. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, आणि सॉस आटत जाईल तसा तो खारटपणा वाढत जातो. क्रीमच्या डब्यावरची स्निग्धता वाचा. दुकानात सहज मिळणारं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्क्यांचं असतं, फ्रेंच पाककृतींत ३० टक्के आणि त्याहून जास्त स्निग्धतेचं क्रीम धरलेलं असतं. बटाट्यांसाठी जास्तीचं मिळालं तर तेच आणा.

छोट्या पांढऱ्या कांद्यांऐवजी सांबारचे छोटे कांदे घ्या, वीस-पंचवीस. बटण मश्रूम ३०० ग्रॅम. बेकन चालत असेल तर जाड कापाचं १५० ग्रॅम. पार्सली, थाइम आणि सेलरी मोठ्या भाजीबाजारात मिळते. वाळलेलं थाइमही चालतं. तमालपत्राबद्दल मात्र जपून. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, तर फ्रेंच स्वयंपाकातलं पान लॉरेलचं, त्यामुळे वास वेगळा. लॉरेलचं मिळालं नाही तर आपलं अर्धं पान घाला, जास्त घातलंत तर सॉसला पुलावाचा वास येईल.

शाकाहारी पाहुण्यांसाठी चीजच्या वेष्टनावरची हिरवी खूण बघून घ्या. भारतात बनणारं बरंच चीज जंतूंपासून काढलेल्या रेनेटचं असतं, ते या कामी येतं.

गुरुवारी: स्टॉक आणि मुरवण

जेवण शनिवारी रात्री आठचं धरू. गुरुवारी पाठ, मान, पंजे, एक कांदा, एक गाजर आणि चार मिरे एक लिटर पाण्यात कुकरला लावा. शिट्टी झाली की आच बारीक करून चाळीस मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. हळद, आलं, मीठ काही नको. पंजे आवर्जून घाला. त्यांच्यातलं जिलेटिन उतरलं की गार स्टॉक जेलीसारखा थिजतो, आणि सॉसला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्यामुळेच.

रात्री कोंबडीचे तुकडे, जाड चिरलेला एक कांदा, दोन गाजरं, सेलरीचा दांडा, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या आणि दोऱ्याने बांधलेली पार्सलीच्या देठांची, थाइमची व पानाची जुडी काचेच्या भांड्यात घाला. वर सगळी वाइन ओता, झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. ब्रॉयलरला रात्रभराची गरज नाही, तीन तास पुरतात.

शुक्रवारी: मुख्य पदार्थ

कोंबडी, भाज्या आणि वाइन वेगवेगळ्या करा. वाइन एका पातेल्यात उकळायला ठेवा. कच्च्या मांसाचं रक्त तिच्यात उतरलेलं असतं, त्याचा करडा फेस वर येईल. तो झाऱ्याने काढा आणि वाइन गाळून ठेवा. हे टाळलंत तर सॉस गढूळ होतो.

आता प्रत्येक तुकडा फडक्याने कोरडा पुसा, अगदी कोरडा. ओलं मांस पातेल्यात पडलं की पाणी सुटतं, वाफ होते आणि तुकडा करडा उकडला जातो. रंग येत नाही, आणि रंग आला नाही तर या पदार्थाला चव कुठून येणार? बेकन वापरत असाल तर आधी ते बारीक आचेवर परतून चरबी सोडवून घ्या आणि तुकडे बाजूला काढा. नसेल तर दोन चमचे तेल आणि एक चमचा बटर घ्या. कोंबडीला मीठ लावा आणि कातडीची बाजू खाली करून चार-पाचच तुकडे ठेवा. एकमेकांना टेकता कामा नयेत.

मग हात लावू नका. पहिली दोन मिनिटं तुकडा तळाला घट्ट चिकटलेला असतो. ओढलात तर कातडी फाटेल. आवाजाकडे लक्ष द्या. सुरुवातीला ओला, जोरात तडतडणारा आवाज येतो. पाणी उडालं की तो बारीक आणि कोरडा होतो. पाच-सहा मिनिटांनी उलथण्याने हळूच ढकलून पाहा, कातडी भाजली गेली असेल तर तुकडा आपणहून सुटतो. रंग खरपूस बदामी हवा. असे सगळे तुकडे दोन-तीन घाण्यांत करून घ्या. अर्धा तास लागतो, आणि या अर्ध्या तासात घाई केली तर ती पुढे कुठेच भरून निघत नाही.

त्याच पातेल्यात मुरवणीतल्या भाज्या घालून दहा मिनिटं परता. एक चमचा टोमॅटो पेस्ट घाला आणि ती विटकरी होईपर्यंत परता. दोन चमचे मैदा भुरभुरून दोन मिनिटं भाजा. या वेळेपर्यंत तळाला तपकिरी थर धरलेला असेल. तो करपलेला नाही ना, हे चाखून पाहा. कडू लागला तर पातेलं बदला, कारण तो कडवटपणा पुढे झाकता येत नाही. चांगला असेल तर थोडी वाइन ओता आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडा. थर विरघळून वाइन दाट तपकिरी होते. सगळ्या सॉसचा अर्क हा आहे.

पुष्कळ ठिकाणी इथे ब्रँडी ओतून पेटवतात. पहिल्या वेळी ते करू नका. चार चमचे ब्रँडी घालून मिनिटभर उकळलीत तरी पुरे. पेटवायचीच असेल तर चिमणी बंद करा, बाटलीतून थेट न ओतता वाटीतून ओता आणि लांब काडी वापरा.

आता कोंबडी, उरलेली वाइन, ४०० मिलि स्टॉक आणि पानांची जुडी एकत्र करा. एकदा उकळी आली की आच इतकी बारीक करा की कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा येईल. खदखदू दिलंत तर मांस दोऱ्यासारखं सुटतं आणि तरीही कोरडं लागतं. झाकण थोडं तिरकं ठेवा. गावरानला दीड ते अडीच तास लागतात. वेळेवर भरवसा ठेवू नका, मांडीच्या तुकड्यात सुरीचं टोक घालून पाहा, ते अडकल्याशिवाय गेलं पाहिजे. छातीचे तुकडे आधी शिजतात, ते आधी बाहेर काढा.

कोंबडी काढून सॉस गाळा. भाज्यांचं काम झालेलं आहे, त्या दाबून रस काढा आणि टाका. कोंबडी सॉसमध्ये परत घाला, गार होऊ द्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा थर थिजलेला दिसेल, तो चमच्याने उचलून टाका.

शुक्रवारीच: क्रेम कारामेल आणि गुझेर

कोंबडी शिजते आहे तोवर गोड उरकून घ्या. १२० ग्रॅम साखर आणि तीन चमचे पाणी जाड भांड्यात मध्यम आचेवर ठेवा. चमचा घालू नका, नाहीतर साखर दाणेदार होते. भांडं हलकेच फिरवत राहा. मधाचा रंग आला की अजून थोडं थांबा, तांबूस झाला की लगेच सहा वाट्यांत ओता. फिकट कॅरॅमल नुसतं गोड लागतं, तांबूस रंगात थोडा कडसरपणा येतो आणि तोच हवा.

अर्धा लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध व्हॅनिला घालून कढत करा. तीन अंडी, दोन बलक आणि ९० ग्रॅम साखर फेस न काढता ढवळा, दूध हळूहळू ओता, गाळा आणि वाट्यांत भरा. वाट्या खोल ट्रेमध्ये ठेवून निम्म्यापर्यंत गरम पाणी घाला आणि १५० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं भाजा. कडा धरलेल्या आणि मधला भाग हलवल्यावर थरथरणारा, अशा वेळी बाहेर काढा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की तळाचं कॅरॅमल विरघळून सॉस होतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी घट्टसर पेर सोलून लाल वाइन, साखर आणि दालचिनीत शिजवून ठेवा. वाइन नको असेल तर डाळिंबाच्या रसात.

गुझेरसाठी २५० मिलि पाणी, १०० ग्रॅम बटर आणि मीठ उकळा, १५० ग्रॅम मैदा एकदम ओता आणि उकड काढताना घोटतो तसा आचेवर दोन मिनिटं घोटा. भांड्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरला की उतरवा. पाच मिनिटं निवल्यावर चार अंडी एकेक करून मिसळा. चौथं आधी फेटून थोडं थोडं घाला. उलथण्यावरून पीठ जड, त्रिकोणी टोक धरून खाली पडलं की थांबा. १२० ग्रॅम किसलेलं चीज घाला, चमच्याने अक्रोडाएवढे गोळे टाका आणि २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं भाजा. पहिली वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही, वाफ गेली की ते बसतात. गार करून डब्यात भरा. पाहुणे आल्यावर पाच मिनिटं गरम केले की पुन्हा कुरकुरीत होतात.

शनिवारी

सकाळी सॉसवरची चरबी काढण्याखेरीज काही नाही. टेबल मांडा, चीज कधी बाहेर काढायचं ते ठरवा आणि दुपारी झोप काढा.

पाच वाजता छोटे कांदे मिनिटभर गरम पाण्यात टाकून सोला. मुळाकडचा भाग कापू नका, नाहीतर पाकळ्या सुटतात. पसरट भांड्यात एका थरात ठेवा, बटरचा गोळा, चिमूटभर साखर आणि निम्मे बुडतील एवढं पाणी घाला. पाणी आटेपर्यंत मंद शिजवा आणि नंतर बदामी होऊ द्या. मश्रूम धुवून कोरडे करा आणि मोठ्या आचेवर थोडे थोडे परता. मीठ शेवटी घाला. हे दोन्ही कोंबडीबरोबर शिजवायचे नाहीत.

साडेपाचला बटाटे घ्या. किलोभर बटाटे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे कापा आणि कापल्यावर धुवू नका, त्यातल्या स्टार्चनेच दूध दाट होतं. ४०० मिलि दूध, ३०० मिलि क्रीम, मीठ आणि किसलेलं जायफळ घालून दहा मिनिटं हळूहळू शिजवा. लसणाची पाकळी चोळलेल्या भांड्यात ओता आणि १६० अंशांवर तास-सव्वा तास भाजा. या पदार्थाचा सगळ्यात जुना उल्लेख १७८८ मधला, दोफिने प्रांतातल्या गाप शहरातल्या मेजवानीचा आहे. अस्सल कृतीत चीज नसतं, आणि नसलेलंच मला आवडतं. साडेसातला बाहेर काढून झाकून ठेवा, म्हणजे ओव्हन गुझेरला मोकळा होतो. बटाटे तोवर छान गरम राहतात.

शाकाहारी मित्रांसाठी वेगळ्या पातेल्यात मोठे अर्धे चिरलेले मश्रूम खरपूस परता, कांदा-गाजर-टोमॅटो पेस्ट त्याच क्रमाने परता, वाइन आणि मश्रूमच्या देठांचा स्टॉक घाला आणि चाळीस मिनिटं आटवा. छोटे कांदे दोघांत वाटून घ्या. चमचे मात्र वेगळे ठेवा.

सातला कोंबडी बारीक आचेवर तापायला ठेवा. पूर्ण गरम झाली की तुकडे झाकून बाजूला ठेवा आणि सॉस मोठ्या आचेवर आटवा. चमच्याची पाठ सॉसमध्ये बुडवून बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर आटणं पुरे झालं. नाही राहिली तर २५ ग्रॅम मऊ बटर आणि २५ ग्रॅम मैदा मळून त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या उकळत्या सॉसमध्ये एकेक घाला आणि फेटत राहा. मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत तीन-चार मिनिटं उकळू द्या.

मिठाचा हात शेवटच्या क्षणापर्यंत आवरा. आटण्याआधी बरोबर लागलेला सॉस आटल्यावर खारट झालेला असतो. आंबट वाटला तर अजून पाच मिनिटं उकळा आणि तरीही टोचला तर चिमूटभर साखर. खारट झाला तर बिनमिठाचा स्टॉक घाला. म्हणून थोडा स्टॉक नेहमी बाजूला ठेवावा. फिका वाटला तर बहुतेक वेळा मसाल्याची कमतरता नसते, आटणं कमी पडलेलं असतं. शेवटी आच बंद करून थंड बटरचा एक तुकडा सॉसमध्ये फिरवा. चकाकी येते आणि वाइनची धार बोथट होते. यानंतर उकळायचं नाही. कोंबडी, मश्रूम, कांदे आणि बेकन आत घाला आणि झाका.

साडेसातला चीज बाहेर काढा. आपल्या हवेत ब्री किंवा कामाँबेरला अर्धा-पाऊण तास पुरतो. गाजर बारीक किसून मोहरीची पेस्ट, लिंबू, तेल, मीठ आणि पार्सलीत कालवा. आता हात धुऊन कपडे बदलायला वीस मिनिटं उरतात, ती स्वतःसाठी ठेवा. दमलेला यजमान पाहुण्यांना लगेच ओळखू येतो.

वाढताना

ताटल्या गरम करून घ्या. गार ताटलीवर हा सॉस दोन मिनिटांत साय धरतो. ओव्हन बंद केल्यावर त्यातच ताटल्या ठेवल्या की काम होतं. प्रत्येकाला मांडीचा किंवा छातीचा एक तुकडा, त्यावर मश्रूम-कांदे, मग पळीभर सॉस, आणि बटाटे शेजारी. वर चिरलेली पार्सली. बाकीच्या भाज्यांची गर्दी ताटलीत करू नका. बॅगेट भरपूर कापून ठेवा. तुकडे थेट टेबलक्लॉथवर ठेवायची तिथे रीत आहे, आणि घरगुती जेवणात सॉस पावाने पुसून खाल्ला तर स्वयंपाक करणाऱ्याला बरंच वाटतं. चीज गोडाच्या आधी येतं. क्रेम कारामेलच्या कडेने पातळ सुरी फिरवा, ताटली वर ठेवून एकदम उलटा आणि वाटी हळूच उचला.

सॉस उरला तर टाकू नका, पाणी घालून वाढवूही नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम करून त्यात मश्रूमचे उरलेले तुकडे घाला. दुसऱ्या भांड्यात थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अंडी फोडून तीन मिनिटं शिजवा, लसूण चोळलेल्या भाजलेल्या पावावर ठेवा आणि वरून सॉस ओता. बर्गंडीत याला अझ आँ मरेत म्हणतात आणि तो तिथला स्वतंत्र, मानाचा पदार्थ आहे. दोन जणांना एक वाटी सॉस पुरतो.